डबा लपवायला लावू नका



आमचा एक जुना विद्यार्थी सैन्यभरतीची तयारी करतो. फजरनंतर मैदानावर धावतो, संध्याकाळी जिमला जातो. एकदा त्याच्या पिशवीत पावडरचा डबा दिसला आणि आम्ही त्याला चार मुलांसमोर झापले. त्याने पावडर सोडली नाही. आमच्याकडे येणे मात्र सोडले. पुढे त्याच्या अम्मीकडून कळले की छातीत धडधडते म्हणून तो रात्र-रात्र जागा असतो.

चूक आमचीही होती. मग या विषयावर वाचू लागलो, तेव्हा अमेरिकी सैन्याचा अनुभव समोर आला.

२०११ मध्ये व्यायाम करताना तिथले दोन सैनिक दगावले. तपासणीत त्यांच्या शरीरात डीएमएए हे उत्तेजक आढळले. व्यायामापूर्वी घ्यायच्या काही पावडरींत ते तेव्हा असे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सैन्याच्या दुकानांतून असा सर्व माल उतरवण्यात आला. मृत्यू त्यामुळेच झाले, हे पुढच्या चौकशीत ठामपणे सिद्ध झाले नाही. तरी वरिष्ठांनी पुराव्याची वाट पाहिली नाही. जीव गेल्यावर पुरावा काय कामाचा?

तिथल्या १९९४च्या कायद्यानुसार अशी पावडर किंवा गोळी विकण्याआधी सरकारी मंजुरी लागत नाही. म्हणजे डबा दुकानात आहे म्हणून तो निर्धोक आहे, असे नाही. म्हणून सैन्याने ‘ऑपरेशन सप्लिमेंट सेफ्टी’ हा उपक्रम चालवला. त्यात डबा पारखायचे सात साधे प्रश्न आहेत. बाहेरच्या स्वतंत्र संस्थेच्या तपासणीचा शिक्का आहे का? घटक सहापेक्षा कमी आहेत का? त्यांची नावे सहज वाचता येतात का? एका मात्रेत कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत आहे का? लेबल अचाट दाव्यांपासून मुक्त आहे का? ‘ब्लेंड’, ‘मॅट्रिक्स’ अशा शब्दांआड प्रमाण लपवलेले नाही ना? कोणताही घटक रोजच्या गरजेच्या २०० टक्क्यांच्या आत आहे ना? चार किंवा अधिक उत्तरे अनुकूल असतील तर ठीक, नाहीतर डबा दूर ठेवावा.

पण कागद स्वतःहून जवानापर्यंत पोहोचत नाही. तो पोहोचवायचा असतो तुकडीच्या प्रमुखाने. तो ओरडला तर जवान डबा लपवतो, आपुलकीने विचारले तर डबा समोर ठेवतो आणि डॉक्टरांनाही खरे सांगतो. हाताखालची माणसे ही अमानत आहे, हे आपल्याला दीनने शिकवलेच आहे. घरात ही जबाबदारी अम्मी-अब्बांची, वर्गात आमची.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. म्हणालो, “बेटा, त्या दिवशी आमचे चुकले. डबा आण, मिळून वाचू.” तो आत गेला आणि डबा घेऊन आला. एका चमच्यात कॅफीन ३०० मिलिग्रॅम! वर दिवसाला तीन-चार कप चहा. दुसऱ्या दिवशी तो अब्बांबरोबर डॉक्टरांकडे गेला, डबा सोबत घेऊन.

तुमच्या घरीही असा डबा असेल तर आधी लेबल वाचा. कॅप्सूल असेल तर जिलेटिन कशाचे, तेही विचारा. आणि मुलाशी बोलताना आवाज खाली ठेवा. शरीर अल्लाहने दिलेले आहे. ते सांभाळणे हीही इबादतच.

अल्लाह आपल्या मुलांना आफियत देवो. आमीन.