भूतही नव्हे, नाटकही नव्हे!

घरातील सून बोलता बोलता दातखीळ बसून कोसळते. शाळेतील एखादी मुलगी वर्गात बसल्या जागी कोणाच्याही हाकेला ओ देईनाशी होते. चांगल्या कमावत्या गृहस्थास आपण आज घरी कसे पोहोचलो हेच आठवत नाही. अशा वेळी आपल्या समाजात दोनच निदाने ठरलेली असतात. एक म्हणते ‘भूत लागले’, दुसरे म्हणते ‘नाटक आहे’. पहिल्याची आपण सुशिक्षित मंडळी टिंगल करतो. दुसरे आपले स्वतःचे असल्यामुळे ते आपणांस शास्त्रीय वाटते! वस्तुतः दोन्ही सारखीच अज्ञानमूलक आहेत, हे आम्हांस आज स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

पळता येत नाही आणि प्रतिकारही करता येत नाही, अशा असह्य प्रसंगी जाणीव, स्मृती आणि देह यांना जोडणारा धागा मन सैल करते. हा मनाने केलेला बचाव होय. परंतु आघात पुनःपुन्हा घडले, विशेषतः कोवळ्या वयात घडले, तर बचावाची सवय जडते आणि संकट टळल्यावरही मन तीच वाट धरते. फ्रान्समधील पिअर जाने यांनी १८८९ मध्येच या ‘विघटना’ची मीमांसा केली होती. तरीही पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा, भ्याडपणा आदी आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने आपलेच सैनिक गोळ्या घालून मारले. त्यांतील कित्येक युद्धाच्या आघाताने मनाने खचलेले होते, असे आज मानले जाते. ३०६ जणांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. ‘नाटक’ या निदानाची किंमत किती असू शकते, याचा याहून विदारक पुरावा कोणता हवा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात आघातोत्तर विकारांबरोबर ‘अंगात येणे’ या अवस्थेचीही नोंद आहे. मात्र धार्मिक विधीत, लोकरूढीनुसार येणारा संचार तीत मोडत नाही. इच्छेविरुद्ध येणारा आणि जीवन उद्ध्वस्त करणारा तोच विकार. शास्त्राने दाखविलेला हा विवेक आपणही दाखवावा.

उपचार आहेत आणि त्यांचा गुणही येतो. प्रथम अपस्मारासारखे शारीरिक रोग नाहीत ना, हे तपासावे लागते. नंतर रुग्णास सुरक्षितता व स्थैर्य; मग तज्ज्ञाच्या साहाय्याने, त्याला पेलेल अशा गतीने, आघाताच्या स्मृतींना सामोरे जाणे; आणि अखेर संसारात परतणे, असा हा क्रम आहे. त्यास महिने, प्रसंगी वर्षे लागतात. केवळ झोपेच्या गोळ्यांनी हे काम होत नाही. प्रत्येक रुग्णामागे अत्याचारच असतो असेही नव्हे. पण जेथे तो असतो तेथे पुष्कळदा अत्याचारी त्याच घरात राहत असतो, आणि गोळ्या देऊन रुग्णास त्याच घरी परत धाडणे हा उपचार नव्हे, हवाली करणे आहे!

२००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या मिषाने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा ठरविला; २०१७ च्या केंद्रीय कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास बंदी घालून सरकारी उपचाराचा हक्क दिला. परंतु कायदा कागदावर राहून भागत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात केवळ औषध लिहिणारा नव्हे, तर ऐकून घेणारा प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे, ही आमची शासनाकडे मागणी आहे.

आणि आमच्या वाचकांचे काय? मांत्रिकाचा चाबूक कायद्याने हिसकावून घेता येतो; दिवाणखान्यात उच्चारलेला ‘नाटक’ हा शब्द कोणता पोलीस जप्त करणार? तो आपला आपणच टाकला पाहिजे. शुद्धीवर आलेल्या माणसाची उलटतपासणी घेऊ नका. तो कोठे आहे, कोणाजवळ आहे, हे शांतपणे सांगा, पाणी द्या, डॉक्टरांकडे न्या. आणि ‘तुला घरात कोणाची भीती वाटते का?’ हे त्याला एकांतात विचारण्याचे व उत्तर ऐकण्याचे धैर्य बाळगा. भुतावर विश्वास न ठेवणे सोपे आहे. पीडिताच्या शब्दावर विश्वास ठेवणे, यातच सुशिक्षितपणाची खरी कसोटी आहे.