फुकट कोथिंबिरीची वहिवाट

ज्या शब्दाच्या सिद्धीसाठी पाणिनीने अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र रचले, त्या ‘कुस्तुम्बुरु’ या संस्कृत नामापासून मराठीत उतरलेली कोथिंबीर आज मंडईत, मिरच्या-आल्याचा हिशेब चुकता झाल्यावर, ‘वर थोडी कोथिंबीर टाका हो मावशी’ एवढ्या एका वाक्यावर बिनमोल उचलली जाते. आणि ही वहिवाट इतकी मुरली आहे, की मावशींनी हात आखडता घेतला तर गिऱ्हाइकाला आपला हक्कच डावलल्यासारखे वाटते. मला हा शिरस्ता अन्यायाचा वाटतो.

सुमारे ३३०० वर्षांपूर्वी मिसर देशात तुतनखामुन राजाच्या थडग्यात ज्या वनस्पतीचे धने ठेवले गेले आणि जिच्या पानांच्या हिरव्या वाटणावाचून गोव्याचे काफ्रियाल सिद्ध होत नाही, तिला आपण केवळ आमटीवर भुरभुरण्याची शोभा समजतो, हेच या अन्यायाचे मूळ आहे. वस्तुतः बेसन, तांदळाची पिठी, तीळ, तिखट, हळद आणि चिमूटभर ओवा एवढा परिवार घेऊन कोथिंबीर वडीच्या उंड्यात शिरते, तेव्हा मुख्य भाजी तीच असते, पीठ तिला बांधण्यापुरते. आमच्या घरी आई वडीसाठी जुडी निवडताना कोवळे देठ कधी टाकीत नसे, कारण पानांपेक्षा त्यांतच रस आणि वास अधिक. ते लसूण, हिरवी मिरची आणि ओल्या खोबऱ्याबरोबर पाट्यावर रगडले, की त्या वाटणावर दुसऱ्या दिवशीची उसळ होई.

आणि ही जुडी आयती उगवत नाही. धने रगडून त्यांच्या दोन फाका करायच्या, वाफ्यात पेरायचे, सुमारे चाळीस दिवस पाणी आणि खुरपणी सांभाळायची, ऊन वाढले तर रोप फुलोऱ्यावर जाते आणि पाऊस लागून राहिला तर पाने सडतात, ही धास्ती बाळगायची, आणि एवढे करून, उपटलेला माल कोमेजण्याच्या आत बाजार गाठायचा. तेथे आवक वाढून भाव कोसळला, तर वाहतुकीचा खर्चही न निघाल्यामुळे शेतकरी जुड्यांचा ढीग रस्त्याकडेला ओतून रिकाम्या हाताने परततो.

म्हणून पाव जुडी हवी असेल, तर पाव जुडीचे पैसे मोजावेत, अशी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे. परवा मी तसे पैसे पुढे केले, तेव्हा मावशींनी आधी ते परत सारले. मग माझ्याकडे एकदा पाहून कनवटीला लावले, आणि ओल्या गोणपाटाखालची ताजी जुडी काढून, मुळांची माती झटकून, माझ्या पिशवीत ठेवली.