'कृष्णद्रव्य' या शब्दाविषयी

विज्ञानाच्या परिभाषेकडे मराठीचे अध्यापक सहसा फिरकत नाहीत. 'कृष्णद्रव्य' हा शब्द रूढ झाला तो असाच, फारसा न पारखता. आमच्या खाप्याजवळ गुमगावच्या खाणीतले मँगनीजचे खनिज काळे दिसते, कारण ते प्रकाश शोषून घेते. कृष्णविवरही प्रकाश गिळते. त्याला ते विशेषण शोभते. हे द्रव्य मात्र प्रकाश देत नाही की शोषत नाही. प्रकाश त्यातून आरपार जातो. त्याला 'अदृश्य द्रव्य' म्हणावे.

हा शब्दच्छल नव्हे. विश्वाच्या जडणघडणीत या द्रव्याने जे केले ते प्रकाशाशी असलेल्या या अलिप्ततेमुळेच. आरंभीची सुमारे ३,८०,००० वर्षे साधे द्रव्य प्रकाशाशी जखडलेले होते. गुरुत्वाकर्षण त्याला एकत्र ओढी, प्रकाशाचा दाब विस्कटून टाकी. अदृश्य द्रव्याला हा जाच नव्हता. त्याच्या राशी आधीपासूनच साचत गेल्या; पुढे मोकळा झालेला वायू त्यांत ओघळला आणि दीर्घिका घडल्या. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूरचा 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह अशाच अदृश्य सांगाड्यावर उभा आहे. (लुप्त नदीचे नाव किती समर्पक!)

'आयुका'चे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांना मात्र महास्फोटाचा सिद्धान्तच मान्य नव्हता. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपण त्यांना दिले, त्यांच्या विज्ञानकथा वर्गात शिकवतो. त्यांचा हा मतभेद मात्र शिकवत नाही. अदृश्य द्रव्याचा एकही कण अद्याप प्रत्यक्ष हाती आलेला नसताना तर तो शिकवायलाच हवा.