शाळेबाहेरील शाळांचे अर्थकारण

शाळेच्या चार भिंतींबाहेर होणाऱ्या शिक्षणाची थोरवी अलीकडे सर्वमान्य झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घोकंपट्टी सोडून अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे. तत्त्व म्हणून यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. तथापि, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक साधा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. या शिक्षणाचा खर्च कोण करतो? ते आपोआप व फुकट होते, असा समज सर्वत्र रूढ आहे. आणि हा समज श्रमिकांना फार महाग पडला आहे.

प्रस्तुत लेखकाचे बालपण लालबागच्या एका चाळीत गेले. पहिल्या पाळीहून परतलेले कामगार संध्याकाळी गॅलरीत बसत, ज्याला वाचता येई तो वर्तमानपत्र मोठ्याने वाची, आणि मग वाद रंगे. १९७२ साली किमान बोनस ८.३३ टक्के ठरला तेव्हा हा आकडा असा तुटक का, असे एका विणकराने विचारले. दुसऱ्याने खडूने फरशीवर शंभराला बाराने भागून दाखविले: वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याचा पगार. बोनस ही मालकाची बक्षिशी की लांबणीवर टाकलेले वेतन, यावर त्या रात्री जी चर्चा झाली तिच्याइतकी जिवंत चर्चा पुढे पदव्युत्तर वर्गातही क्वचितच ऐकावयास मिळाली.

गिरणगावात अशी ठिकाणे गल्लोगल्ली होती. गावकरी मंडळांच्या खोल्या, खाणावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळे, युनियनची कचेरी, मोफत वाचनालय. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेले अण्णाभाऊ साठे याच कामगार वस्त्यांतून व कलापथकांतून घडले आणि १९५९ मध्ये त्यांनी मराठीला ‘फकिरा’ दिली. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या नारायण सुर्वे यांनी १९६६ च्या आपल्या काव्यसंग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले, ते उगीच नव्हे.

परंतु या विद्यापीठाला दोन गोष्टींचा पाया होता: वेळ आणि जागा. यांपैकी एकही गोष्ट कामगाराला कोणी दान दिलेली नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून झुंज दिली तेव्हा १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे दीर्घ लढ्यांनंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची कमाल मर्यादा निश्चित केली. गॅलरीतील ती संध्याकाळ या कायद्यांची देणगी होती. दिवसाचे बारा तास यंत्रापुढे उभा राहणारा माणूस वर्तमानपत्र वाचीत नाही, तो झोपतो.

जागेची कहाणी याहून विदारक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांखालील सुमारे सहाशे एकर जमीन हाच मोठा धंदा झाला. १९९१ च्या विकास नियमावलीने या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या सार्वजनिक जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी व एक मालकांसाठी अशी वाटणी ठेवली होती. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या भूखंडापुरती मर्यादित केली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीस मान्यता दिली. सार्वजनिक हिस्सा आक्रसला, मनोरे व मॉल उभे राहिले. कामगार नालासोपारा, बदलापूर अशा दूरच्या उपनगरांत फेकला गेला. त्याच्या मुलाची संध्याकाळ आता लोकलच्या गर्दीत जाते. हानी मोजताना नोकऱ्या मोजल्या गेल्या, घरे मोजली गेली. बुडालेल्या वाचनालयांचा व आखाड्यांचा हिशेब मात्र कोणत्याही ताळेबंदात आला नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. गिरणगावाचे हे चित्र भाबडे नाही काय? एक सुर्वे घडले तेव्हा हजारो निरक्षरच राहिले, हे खरेच आहे. त्या गॅलरीत स्त्रिया बहुधा दाराआडून ऐकत, हेही खरे. म्हणूनच अनौपचारिक शिक्षण हे शाळेला पर्याय आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. परंतु त्याच जोतीरावांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळाही उघडली होती. दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते, असे त्यांना वाटले नाही. आज ‘परिसरातून शिका’ असा उपदेश करावयाचा आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळांचे प्रस्ताव मागवावयाचे, ही विसंगती आहे. वाडीवरची शाळा उठली की मुलांचा वर्ग तर दूर जातोच, पण संध्याकाळी बसावयास असलेला एकुलता एक सार्वजनिक ओटाही जातो.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट ग्रंथालयांची. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये, कर्नाटकाने १९६५ मध्ये व केरळने १९८९ मध्ये ग्रंथालय कायदा करताना ग्रंथालय कराची तरतूद केली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात ती नाही. त्यामुळे आमची गावोगावची वाचनालये वर्गवारीनुसार मिळणाऱ्या तुटपुंज्या अनुदानावर जगतात व त्यांतील सेवक नाममात्र मानधनावर राबतात. मालमत्ता करावर अल्प अधिभार बसवून हा निधी उभारता येईल. जमिनीची किंमत समाजाच्या श्रमाने वाढते. तिचा अंश समाजाच्या वाचनासाठी मागणे यात अन्याय काहीच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत वाढविण्यास मंजुरी दिली. या निर्णयाची चर्चा उत्पादन व गुंतवणूक यांच्या भाषेत झाली. तो शिक्षणविषयक निर्णयही आहे, हे कोणी ध्यानात घेतले नाही. ज्या घरातील कर्ती माणसे बारा तास बाहेर राबतात त्या घरातील मुलाला प्रश्न विचारावयास कोणी उरत नाही.

म्हणून कामगार संघटनांनी कामाच्या तासांचा व शिक्षकांनी वाचनालयाचा प्रश्न परस्परांचा मानला पाहिजे. फरशीवर खडूने भागाकार मांडणारा तो विणकर कोणत्याही अभ्यासक्रमाची वाट पाहत नव्हता. त्याला एक मोकळी संध्याकाळ हवी होती आणि चार माणसे बसतील एवढी जागा. त्याच्या नातवंडांसाठी एवढे मागणे जास्त होईल काय?