तिकिटावरची दोन घड्याळे

एका माउलीचे पत्र आले आहे. त्यांची लेक नर्सच्या नोकरीसाठी लंडनला गेली. तिकिटावर लिहिले होते : मुंबई दुपारी दीड, लंडन संध्याकाळी सहा. साडेचार तासांची वाट समजून माउली दिवेलागणीपासून फोनजवळ बसल्या. फोन आला रात्री एक वाजता. तोवर घरात कुणी अन्नाला शिवले नाही. "तिकिटावर खोटी वेळ का छापतात?" असे त्या विचारतात.

वेळ खोटी नाही, घड्याळे दोन आहेत. निघायची वेळ मुंबईची, पोचायची लंडनची. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, म्हणून आपले घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असते. उन्हाळ्यात तिकडचे लोक घड्याळ तासभर पुढे सारतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा. हिवाळ्यात लंडनचे सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. म्हणजे प्रवास झाला दहा तासांचा. उतरल्यावर पासपोर्टची रांग, मग सामान. एक वाजला त्यात नवल नाही.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. मोठे विमान तासाला सुमारे ९०० किलोमीटर जाते. हिशेबाने आठ तास पुरावेत. मग वरचे दोन कुठे गेले?

काही वेळ चढण्या-उतरण्यात जातो, काही वारा खातो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून परतीच्या वाटेला साधारण तासभर कमी लागतो.

आणखी वळसा असतो तो वेगळाच. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून पाहा. तो पाकिस्तान, कास्पियन समुद्र, युक्रेन असा वर चढत जातो. तीच जवळची वाट. पण २०२२ साली युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. शेजाऱ्याने बांधावरची वाट अडवली की बैलगाडीला लांबून जावे लागते, तसेच हे.

तरी पूर्वीपेक्षा बरे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत गेले. त्याआधी बोटीने तर आठवडेच्या आठवडे लागत, आणि पोचल्याचे पत्रही बोटीनेच यायचे.

तेव्हा माउली, पुढच्या खेपेला तिकिटावर प्रवासाचे एकूण तास पाहा. निघायच्या वेळेत ते मिळवा, वर दीड-दोन तास धरा. तिथवर फोनची वाट पाहू नका. आणि वेळेवर दोन घास खाऊन घ्या. आई उपाशी बसली हे कळले, तर लेकीला तिकडे घास गोड लागायचा नाही.