चंद्रज्योतीचं कुंपण आत्ताच उपटा

नरडाणा आणि पंचक्रोशीतल्या आयाबापांनो, शिक्षकांनो, अंगणवाडीताईंनो आणि ग्रामपंचायत सदस्यांनो,

कापसाची वेचणी सुरू झाली की घरातली मोठी माणसं दिवस मावळेपर्यंत शेतात असतात आणि मुलं बांधावर नाहीतर शाळेमागे खेळत असतात. नेमकी याच दिवसांत चंद्रज्योतीची, म्हणजे मोगली एरंडाची, फळं पिकतात. पिवळं फळ बोटांनी दाबलं की उकलतं, आत तीन काळ्या बिया. साल काढली की पांढरा गर, चवीला शेंगदाण्यासारखा. शेतातल्या शेंगा फोडून खाणारं आपलं पोर हा गर थुंकत नाही, उलट सोबत्यांनाही देतं. म्हणूनच महाराष्ट्रात दरवर्षी अशी मुलं एकेकटी नव्हे, घोळक्यानं दवाखान्यात येतात.

गुरं तोंड लावत नाहीत म्हणून हे झाड कुंपणाला लावलं गेलं. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं जैवइंधनासाठी त्याची शिफारस केली, तेव्हा रोपं आणखी पसरली. इंधनाचा गाजावाजा ओसरला, झाडं मात्र उभी आहेत. त्याच्या काडीनं दात घासतात, चीक हिरड्यांना लावतात, त्यामुळे ते औषधी आणि म्हणून निर्धोक, असा समज घट्ट बसला आहे. हा समज सोडा. साध्या एरंडाचंही तेच. एरंडेल पोटात घेतात, पण त्याच बीचं विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. चावलेली बी जीवावर बेतू शकते. गुंज आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी मुलांच्या खेळण्यात दिसली, तर तीही लगेच काढून घ्या.

चंद्रज्योतीची बी खाल्ल्यावर घशात जळजळ, पोटात कळ, मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. कधी अर्ध्या तासात, कधी काही तासांनी. लहान मुलाच्या अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं आणि खरा धोका तिथे असतो. या विषावर उतारा नाही, पण वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक मुलं बरी होतात. तेव्हा घशात बोटं घालू नका, मिठाचं पाणी पाजू नका, उतारे-अंगारे करत बसू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. उरलेल्या बिया, फळ, फांदी सोबत न्या. खाल्लेली बी चंद्रज्योतीची, एरंडाची की बिट्टीची, यावर डॉक्टरांचे उपचार ठरतात. बिट्टी तर थेट हृदयावर घाला घालते. एक मूल ओकलं की त्याच्यासोबत खेळणाऱ्या प्रत्येकाला शोधून विचारा. माराच्या भीतीनं मुलं लपवतात, म्हणून आधी जवळ घ्या, रागवायचं नंतर बघू.

ग्रामपंचायतीकडे मागणी एकच: शाळा, अंगणवाडी आणि वस्तीलगतची चंद्रज्योत या आठवड्यात मुळासकट काढा. नुसती तोडू नका, बुंध्यातून ती पुन्हा फुटते, ओल्या मातीत पडलेली फांदीही रुजते. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हातमोजे घाला. फळं पोत्यात भरून खोल पुरा. कुंपणाला मेंदी लावा. शिक्षकांनो, उद्याच्या परिपाठात चंद्रज्योतीची फांदी मुलांना दुरून दाखवा, नाव सांगा आणि कुणी बी खाल्ली असेल तर न घाबरता सांगायला सांगा.