टी, एन, एम : तीन अक्षरांचें सूत्र

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घाईघाईनें घरीं आला. त्याच्या वडिलांस, आमच्या नानांस, फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचें निदान नुकतेंच झालें होतें. हातांतील कागद पुढें करून तो म्हणाला, "मास्तर, चौथा टप्पा आहे. आम्हां तिघां भावांचें ठरलें आहे. नानांना कांहीं सांगावयाचें नाहीं आणि औषधोपचारांचा त्रासही द्यावयाचा नाहीं."

कागदावर होतें : टी ४, एन ०, एम ०.

वैद्यकाचें ज्ञान मला नाहीं. परंतु टीकेवांचून सूत्र लावूं नये, एवढें व्याकरणानें शिकविलें आहे. दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोघांनीं डॉक्टरांकडे जाऊन अर्थ समजून घेतला. तो वाचकांच्याही उपयोगीं पडावा म्हणून येथें देतों.

पियेर दनवा या फ्रेंच शल्यवैद्यानें १९४३ ते १९५२ या काळांत ही परिभाषा बसविली. टी म्हणजे मूळची गांठ. ती ३ सेंटिमीटरपर्यंत असल्यास टी १, ५ पर्यंत टी २, ७ पर्यंत टी ३, आणि त्याहून मोठी असल्यास टी ४. मात्र लहान गांठही हृदय, श्वासनलिका, मणका अशा ठिकाणीं शिरली असेल तर तीही टी ४ च होय. एन म्हणजे लसिकाग्रंथी. त्या निर्दोष असल्यास शून्य. त्याच बाजूच्या फुप्फुसांत किंवा त्याच्या मुळाशीं रोग असल्यास १. त्याच बाजूस पण छातीच्या मध्यभागीं पोहोंचल्यास २. विरुद्ध बाजूस किंवा मानेच्या तळाशीं गेल्यास ३. एम म्हणजे दूरचा प्रसार. मेंदू, हाडें, यकृत किंवा दुसरें फुप्फुस येथें रोग गेला असल्यास १, नसल्यास शून्य.

या तिन्ही पदांचा अन्वय लावल्यावरच टप्पा ठरतो. चौथ्या टप्प्यास एम १ लागतो. नानांचा टप्पा तिसरा, आणि त्यांतलाही पहिला पोटभाग! अशा रोग्यास समूळ बरें करण्याच्या हेतूनें उपचार करतां येतात कीं नाहीं, याचा विचार डॉक्टर अवश्य करतात. चौथ्या टप्प्यांतही हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. गांठीच्या तुकड्याची जनुकतपासणी करून कांहीं रोग्यांस केवळ गोळ्यांनीं रोग बराच काळ आटोक्यांत ठेवतां येतो.

एका अंकाच्या चुकीच्या वाचनानें एका वडीलधाऱ्या माणसाचा उपचारच टळणार होता. आणि तोही त्यांस न विचारतां! हेतु प्रेमाचा होता, यांत शंका नाहीं. परंतु ज्याचा देह, त्यास वगळून सारें घर निर्णय करतें, तेव्हां त्या प्रेमास अन्यायाचें रूप येतें.

त्याच रात्रीं मुलांनीं नानांस सर्व सांगितलें. त्यांनीं चष्मा लावून कागद दोनदां वाचला व म्हणाले, "अरे, मला चार दिवसांपूर्वींच ठाऊक होतें. तुम्हांला कसें सांगावें, हेंच कळत नव्हतें."

उपचार आतां सुरू झाले आहेत. फळ काय मिळेल तें आज कोणीं सांगावें? पण त्या घरांत आतां कोणी कोणापासून कागद लपवीत नाहीं.